दोन चमचे आइस्क्रीमपर्यंतची अडीच वर्षं

वजन कमी करायचं ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा किती किलो उतरतील, किती दुखेल, किती दिवस रजा लागेल हे सांगणारे पुष्कळ भेटले. माझ्या मनातला खरा प्रश्न मात्र मी कुणालाच विचारला नाही. "मला परत कधी आइस्क्रीम खाता येईल का?" एवढं मोठं ऑपरेशन करून घ्यायला निघालेला माणूस आइस्क्रीमची चौकशी करतोय म्हटल्यावर डॉक्टरांना वाटेल, याला अजून गांभीर्यच कळलेलं नाही. त्या संकोचापायी मी गप्प बसलो आणि पुढे वर्षभर त्याची किंमत मोजली. ज्यांच्या मनात हाच प्रश्न आहे आणि विचारायचा धीर होत नाही, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितोय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. माझं ऑपरेशन गॅस्ट्रिक बायपासचं. स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून नळीसारखं करतात ते ऑपरेशन, केलेल्यांना गोडाचा त्रास सहसा आमच्यापेक्षा कमी होतो, त्यामुळे माझे आकडे स्वतःला जसेच्या तसे लावू नका.

ऑगस्ट २०२२ मध्ये पहिल्यांदा सर्जनना भेटलो. वजन १२८ किलो, उंची १७० सेंटीमीटर, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४४. मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या आणि रात्री श्वास अडकत असल्यामुळे मास्क लावून झोपावं लागत होतं. डॉक्टरांनी कागदावर इंग्रजी वाय काढून दाखवला. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची, म्हणजे मोठे दोन चमचे मावतील एवढी पिशवी ठेवायची आणि तिला लहान आतडं थेट जोडायचं. बाकीचं जठर शरीरातच राहतं, पण अन्न त्यातून जात नाही. या जोडणीला रू-एन-वाय म्हणतात. सेझार रू हे स्विस सर्जन, त्यांच्या नावावरून हा शब्द आला. वजनासाठी गॅस्ट्रिक बायपास पहिल्यांदा केला तो एडवर्ड मेसन यांनी अमेरिकेत, १९६६ साली. ही पद्धत माझ्या वयापेक्षा जुनी आहे हे वाचून मला धीर आला.

मग फाइल सुरू झाली. रक्ताच्या तपासण्या, पोटाची सोनोग्राफी, एंडोस्कोपी, हृदयाची तपासणी, झोपेची तपासणी, आहारतज्ज्ञांच्या भेटींची नोंद, मानसशास्त्रज्ञांचं पत्र. विम्यासाठी आधी केलेल्या वजन कमी करण्याच्या प्रयत्नांचे पुरावेही लागले. माझी फाइल एकदा परत आली, कारण एका भेटीच्या कागदावर सही होती पण तारीख नव्हती. त्यात सहा आठवडे गेले. तुम्ही या वाटेवर असाल तर दर भेटीनंतर दाराबाहेर पडायच्या आत कागद पाहा: नाव, तारीख, सही, शिक्का. आणि प्रत्येकाची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

मानसशास्त्रज्ञांनी विचारलं, "दिवस वाईट गेला की तुम्ही काय करता?" मी म्हणालो, खातो. "आणि चांगला गेला तर?" मी परत तेच म्हणालो आणि गप्प झालो. खाणं सोडून आनंद देणाऱ्या पाच गोष्टी लिहून आणायला सांगितलं होतं. दोनच लिहू शकलो. त्या वेळी हे काम मला पत्र मिळवण्यापुरतं वाटलं. आज वाटतं, ते पाचही रकाने भरायला मी आणखी वेळ द्यायला हवा होता.

ऑपरेशन १४ मार्च २०२३ ला झालं. त्याआधी दोन आठवडे जवळजवळ द्रव आहार. यकृत आक्रसलं की सर्जनला दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते, म्हणून. त्या चौदा दिवसांत चिडचिड झाली, डोकं दुखलं, चौथ्या दिवसानंतर जरा निवळलं. दवाखान्यात दोन रात्री होतो. त्याच संध्याकाळी चालायला लावलं. औषधाच्या छोट्या मापात ३० मिली पाणी, दर पंधरा मिनिटांनी एकेक घोट. आयुष्यभर मी ग्लास तोंडाला लावून रिकामा केला होता. ते एवढंसं माप संपवायला मला पंधरा मिनिटं पुरत नव्हती.

पुढचे सहा आठवडे कुणीही सांगेल तसेच गेले. पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. प्रथिनं दिवसाला किमान ६० ग्रॅम. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास तर नाहीच. घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. गोळ्यांचं वेळापत्रक फोनच्या गजरावर लावलं: लोह सकाळी, कॅल्शियम दुपारपासून तीन वेळा थोडं थोडं, कारण दोन्हींमध्ये दोन तासांचं अंतर लागतं आणि कॅल्शियम एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या पुढे शरीर नीट घेत नाही. खर्चाचा हिशेब करताना लोक ऑपरेशनचं बिल धरतात. या गोळ्या आणि दर वर्षीच्या रक्ततपासण्या जन्मभराच्या आहेत, त्या महिन्याच्या खर्चात आधीच धरा.

या काळात गोडाची आठवणही आली नाही. भूकच नव्हती. बायको चमच्याने दही मोजून द्यायची आणि चौथ्या चमच्याला मी हात वर करायचो. वजन उतरत होतं, गोळ्या कमी होत होत्या, आणि माझी अशी समजूत झाली की जिभेची ओढ त्या जठराबरोबरच बाजूला पडली. तसं नव्हतं. साधारण तिसऱ्या महिन्यात मन जागं झालं.

आमच्याकडे रविवारी रात्री आइस्क्रीम हा मुलीचा आणि माझा ठरलेला कार्यक्रम. ती तेव्हा आठ वर्षांची होती. ऑपरेशननंतर ती माझ्यासमोर बसून खायची आणि मी गरम पाणी प्यायचो. २५ जूनच्या रविवारी मी तिच्या डब्यातून स्वतःला वाटीभर घेतलं. वाटी लहान होती, म्हणून चालेल असं वाटलं. संध्याकाळी जेवलो नव्हतो, पोट रिकामं. चव इतकी ओळखीची होती की डोळ्यांत पाणी आलं. पाच मिनिटांत वाटी संपली. पिशवी लहान असली तरी आइस्क्रीम वितळून खाली निघून जातं, ते अडवत नाही, हे मला माहीत नव्हतं.

वीस मिनिटांनी कानात ठोके ऐकू यायला लागले. घड्याळात नाडी १२८. कपाळावर घाम, तळवे ओले, पोटात पीळ पडून मुरडा. बाथरूमपर्यंत गेलो आणि तिथून उठवेना, म्हणून फरशीवरच गाल टेकून पडलो. फरशी गार होती, एवढंच बरं वाटत होतं. मुलगी दारात येऊन उभी राहिली. "बाबा, माझ्या आइस्क्रीममुळे झालं का?" मी मान हलवून नाही म्हणालो, पण तोंडातून शब्द फुटेना. पाऊण तासाने उतार पडला आणि मी रात्रभर थकून झोपलो.

सकाळी दवाखान्यात फोन केला. याला डम्पिंग म्हणतात. नेहमीच्या जठराच्या खालच्या टोकाशी एक झडप असते, ती अन्न थोडं थोडं पुढे सोडते. बायपासमध्ये ती झडप वाटेतच येत नाही. घट्ट गोड पदार्थ एकदम लहान आतड्यात उतरतो, त्याला पातळ करायला शरीर रक्तातलं पाणी आतड्यात ओढतं, आणि त्यातून धडधड, घाम, मुरडा, जुलाब. सहसा खाल्ल्यावर दहा मिनिटांपासून तासाभरात. जिवावर बेतत नाही, पण त्या फरशीवर पडलेल्या माणसाला ते पटवून देणं अवघड आहे.

मी त्यावर जे केलं ते चूक होतं, आणि मला वाटतं पुष्कळ जण तीच चूक करतात. मी गोड पूर्ण बंद केलं. साखर असलेलं काहीही नाही, केक नाही, चॉकलेट नाही, फळांचा रस नाही. घरातले डबे बायकोला देऊन टाकायला लावले. मुलीने तर आइस्क्रीमचं नावच काढणं सोडलं. रविवारी रात्री ती आपणहून पुस्तक घेऊन खोलीत जायची. मी ते पाहिलं आणि त्यावर काही बोललो नाही. आजही त्याचं वाईट वाटतं.

पाच महिने सगळं छान चाललं. लोक विचारायचे, मी सांगायचो, "आता नकोच वाटतं." खोटं बोलत होतो. सुपरमार्केटमध्ये चॉकलेटच्या फळीसमोरून जाताना मी फोन काढून पाहायचो. मध्ये एकदा शोधून साखर नसलेलं चॉकलेट आणलं आणि अर्धं संपवलं. त्यात माल्टिटॉल होतं. साखरेऐवजी वापरतात त्या या पदार्थाने रात्रभर पोटात नुसता गडगडाट आणि वारा. वेष्टनावर साखर शून्य लिहिलंय म्हणजे पोटाला चालेल असं नाही. मागची बारीक अक्षरं वाचा; शेवटी 'टॉल' येणारे शब्द दिसले तर एका तुकड्यावर थांबा.

डिसेंबर २०२३. वजन ९१ वर येऊन सात आठवडे हललं नव्हतं. ऑफिसात वाईट आठवडा होता. एका संध्याकाळी घरी यायच्या आधी मी बिस्किटांचा पुडा घेतला आणि गाडीत बसून, कॉफीत बुडवून एकेक करत सगळा संपवला. पाऊण तास लागला. काही झालं नाही. धडधड नाही, मुरडा नाही. मऊ झालेलं बिस्किट सरकत जातं आणि सावकाश खाल्लं की शरीर तक्रारही करत नाही. मला फरशीवरच्या रात्रीपेक्षा याचीच जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी परत घेतला, आणि आठवड्यात चार वेळा. रिकामी वेष्टनं मी ऑफिसच्या कचऱ्यात टाकायचो.

जानेवारीत आहारतज्ज्ञ मॅडमकडे नेमलेली भेट होती. ती रद्द करायच्या विचारात होतो. बायकोने विचारलं, "काही झालंय का?" आणि मी तिला गाडीतलं सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "मला सांगितलंस तसंच त्यांना सांग. जसंच्या तसं."

मॅडमनी ऐकून घेतलं. कागदावर काही लिहिलं नाही, हे मला आठवतं. मग विचारलं, "तुम्हाला बिस्किटं आवडतात का?" मी विचार केला आणि म्हणालो, नाही. तितकीशी नाही. "मग आवडतं काय?" मी आइस्क्रीम म्हणालो, आणि चॉकलेट. त्या म्हणाल्या, "म्हणजे जे आवडतं ते बंद, आणि जे आवडत नाही ते पुडाभर. पुढच्या वेळी येताना चॉकलेट घेऊन या. साधं, खरं, साखरेचं. आणि जेवून या."

फेब्रुवारीत मी जेवून गेलो: दोन अंडी आणि थोडी भाजी. बरोबर सत्तर टक्के कोकोचं चॉकलेट. मॅडमनी एक तुकडा तोडून वजनकाट्यावर ठेवला, दहा ग्रॅम भरला. मग हिशेब समजावला. सत्तर टक्केवाल्यात शंभर ग्रॅममागे साधारण तीस ग्रॅम साखर असते, म्हणजे या तुकड्यात तीनच. दुधाच्या चॉकलेटमध्ये शंभराला पन्नासच्या आसपास. त्या रविवारच्या वाटीत माझ्या अंदाजाने पंचवीस ग्रॅम असावी, तीही रिकाम्या पोटी, पाच मिनिटांत. गोड हा एकच शब्द मी दोन्हींना लावत होतो.

त्यांनी मला तो तुकडा चार भाग करून खायला सांगितला. पहिला भाग जिभेवर ठेवा, चावू नका. मी ठेवला. आधी थोडा कडूपणा आला, मग कडा विरघळल्या, मग टाळूला लोण्यासारखा मऊ थर लागला आणि मागून गोडवा आला. त्याआधी मी चॉकलेटचा कडूपणा कधी लक्षात घेतलाच नव्हता, कारण पहिला तुकडा तोंडात असताना माझा हात दुसऱ्याकडे गेलेला असायचा. चार भागांना दहा मिनिटं लागली. नंतर अर्धा तास आम्ही गोळ्यांबद्दल बोललो आणि दर दहा मिनिटांनी त्यांनी नाडी पाहिली. ७६, ७८, ७४. "हे तुमच्या शरीराला चालतं," त्या म्हणाल्या. मला तिथे रडू आलं. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीही आलं नव्हतं.

त्यानंतर मी एक वही केली. कुठला पदार्थ, किती ग्रॅम, कशानंतर, किती वेळात, आणि तासाभरात काय झालं. पुढच्या सहा महिन्यांत तिच्यातून माझी पद्धत तयार झाली. गोड कायम जेवणानंतर, प्रथिनं पोटात असताना. पुड्यातून किंवा डब्यातून नाही. बशीत काढायचं, पुडा बांधून ठेवायचा, मग बसायचं. लहान चमचा. फोन दुसऱ्या खोलीत. गाडीत नाही, उभ्याने नाही, एकट्याने लपून नाही. आठवड्यात दोनदा, आणि दिवस आधी ठरवून. चिडलेलो असलो तर तो दिवस पुढे ढकलतो, कारण चिडून खाल्लेलं मला आठवतच नाही. घरात साठा करत नाही, लागेल तेवढाच लहान नग आणतो. मोठा पुडा स्वस्त पडतो हा हिशेब माझ्यापुरता महागात जातो.

आणि बिस्किटं बंद. यात मला जराही कष्ट पडले नाहीत. कुरकुरीत, खुसखुशीत, तोंडात टाकलं की विरघळणारं जे काही आहे, ते आपल्या लहान पिशवीतून नुसतं घसरत जातं. पोट भरल्याची खूण मिळत नाही आणि दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकत राहायची सवय लागते. वजन परत चढतं ते बहुतेक वेळा या वाटेने, असं मॅडम सांगतात आणि माझ्या वहीतही तेच दिसतं.

कॉफीचंही थोडं सांगतो, कारण तिचे चाहते पुष्कळ असतील. मी दोन चमचे साखर घालणारा. साखर पेयात असली की ती फार पटकन खाली उतरते, म्हणून मी ती दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलो आणि महिन्यात सुटली. लोहाच्या गोळीच्या आसपास कॉफी घेत नाही, कारण तिच्यामुळे लोह नीट शोषलं जात नाही. माझं लोह पहिल्या वर्षाच्या तपासणीत कमी आलं होतं, त्याचं एक कारण ही सकाळची जोडी. फेसाळती पेयं मी परत सुरू केली नाहीत. एकदा दोन घोट घेतले होते, छातीत गॅस अडकून दुखलं, आणि चव काही आठवणीतली वाटली नाही.

मार्च २०२४ मध्ये ऑपरेशनला वर्ष झालं. वजन ८६. मधुमेहाच्या गोळ्या बंद, झोपेचा मास्क परत केला. त्याच महिन्यात ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता. मी केकचा चांगला मोठा तुकडा घेतला, दुपारचं जेवण राहून गेलं होतं तरी. तासभर काही झालं नाही म्हणून निश्चिंत झालो. दोन तासांनी मीटिंगमध्ये हात थरथरायला लागले, समोरच्या ओळी धूसर झाल्या. बॅगेत जुनं साखर मोजायचं यंत्र होतं, त्याने ५२ दाखवलं. ग्लुकोजच्या गोळ्या घेतल्या, थोड्या वेळाने दही खाल्लं, मग दवाखान्यात फोन केला. हा डम्पिंगचा उशिरा येणारा प्रकार. साखर झपाट्याने चढते, शरीर जास्त इन्सुलिन सोडतं आणि एक ते तीन तासांनी साखर गरजेपेक्षा खाली जाते. म्हणून गोड खाऊन लगेच लांबचं ड्रायव्हिंग मी करत नाही, आणि हे कुणाला वारंवार होत असेल तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या कुठल्या तपासणीसाठी ग्लुकोजचं पाणी प्यायला सांगितलं, तर बायपास झालाय हे आधी सांगा.

वाइनबद्दलही विचारतात. मला वर्षभर अजिबात नको सांगितलं होतं. दीड वर्षाने एका मित्राकडे अर्धा ग्लास घेतला आणि काही मिनिटांत खोली फिरायला लागली. बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर चढते आणि तेवढ्याच दारूची पातळी पूर्वीपेक्षा जास्त जाते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, खाण्यातून मिळणारा आधार गेल्यावर काही जण दारूकडे वळतात, आणि दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचा धोका वाढलेला अभ्यासात दिसलाय. गाडीतल्या बिस्किटांनंतर मी स्वतःला ओळखतो. म्हणून दारू मी सोडली. हा माझ्यापुरता निर्णय आहे.

जुलै २०२४ ला काटा ८४ वर टेकला, आणि मग हळूहळू वर सरकायला लागला. ८५, ८६. मी घाबरून चॉकलेट परत बंद केलं. मॅडमनी मला स्वीडनमधल्या, १९८७ ला सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे दाखवले. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या-दुसऱ्या वर्षात सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं आणि दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे थोडं परत येणं हे जवळपास सगळ्यांचंच होतं. मग आम्ही वही उघडली. वाढ चॉकलेटची नव्हती. संध्याकाळच्या चालण्याला मी बुट्टी मारत होतो आणि मुलीच्या ताटातलं उरलेलं उभ्याने संपवत होतो. चॉकलेट परत सुरू झालं, उरलेलं ताट आता मी उचलत नाही.

बाहेर जेवायला जाणं अजून अवघड जातं. मी एक पदार्थ मागवतो, आल्या आल्या अर्धा बाजूला काढून बांधून द्यायला सांगतो, आणि शेवटी गोड आलं तर बायकोच्या बशीतून दोन चमचे घेतो. "एवढंसंच?" असं कुणी विचारलंच तर "माझं पोटभर झालं" एवढं उत्तर पुरतं. ऑपरेशनची गोष्ट प्रत्येक टेबलावर सांगायला हवी असं नाही. आईला मात्र वेळ लागला. मी ताट लवकर सारलं की तिला स्वयंपाक आवडला नाही असंच वाटायचं. आता मी पहिला घास खाल्ल्यावर तिला सांगतो की कशाची चव छान लागली, आणि ती दुसऱ्यांदा वाढायला उठत नाही.

सध्या माझं वजन ८८ आहे. अडीच वर्षांच्या रक्ततपासणीत बी-१२ आणि लोह ठीक, ड जीवनसत्त्व थोडं कमी.

आइस्क्रीमला मी इतके दिवस हात लावला नव्हता. वहीत सगळं होतं, तेवढं एक नव्हतं. मॅडम म्हणाल्या होत्या की काही पदार्थ काहींना कधीच परत चालत नाहीत, आणि तसं निघालं तर त्याचं वाईट वाटू द्या, ते खोटं नाही. मागच्या महिन्यात एका रविवारी नीट जेवलो, अर्धा तास थांबलो आणि मुलीच्या खोलीचं दार वाजवलं. ती आता दहा वर्षांची आहे. म्हणालो, "आइस्क्रीम आणलंय. तुझ्यासाठी मोठं, मला दोन चमचे चालतात का बघू."

ती माझ्याकडे बघत राहिली. "परत तसं झालं तर?"

"तर मी आईला हाक मारेन आणि आडवा होईन. आणि ते तुझ्यामुळे झालेलं नसेल. तेव्हाही नव्हतं."

तिने स्वयंपाकघरात जाऊन खण उघडला आणि बराच वेळ चमचे चाचपत राहिली. सगळ्यात लहान, औषधाच्या बाटलीबरोबर आलेला चमचा घेऊन आली. मग घड्याळ माझ्या हातातून काढून स्वतःच्या हातात धरलं आणि म्हणाली, "खा, मी नाडी बघते."